वाचकांचे प्रश्न: खताच्या दुकानातला पहिल्या वर्षाचा पेपर

प्रश्न: मॅडम, माझा मुलगा बीबीएच्या पहिल्या वर्षाला आहे. त्याला व्यवसायातील माहिती प्रणाली असा एक पेपर आहे. तो म्हणतो, यात धड कॉम्प्युटर नाही आणि धड कॉमर्सही नाही, नुसत्या व्याख्या पाठ करायच्या. त्यापेक्षा कोडिंगचा क्लास लावतो. मी खत-बियाण्यांचं दुकान चालवतो, मला यातलं काही कळत नाही. त्याला काय सांगू?
– एक वाचक, वाळवा तालुका

उत्तर: तुम्हाला यातलं कळत नाही, हे मला अजिबात मान्य नाही. तुमच्या काउंटरवर अनुदानाच्या खताची विक्री नोंदवणारं पॉस मशीन असणारच. शेतकरी आधार नंबर सांगतो, अंगठा लावतो, तुम्ही युरियाची किती पोती ते मशीनमध्ये भरता, पावती निघते. आता या पावतीच्या मागे काय चालतं ते मुलाला दाखवा. पूर्वी माल जिल्ह्यात पोचला की अनुदानाचा बराचसा भाग खत कंपनीला मिळून जायचा. २०१८ पासून देशभर पद्धत बदलली. आता शेतकऱ्याला माल विकल्याची नोंद मशीनवर झाली, की त्या आधारावर कंपनीला अनुदान मिळतं. म्हणजे तुम्ही केलेली एकच नोंद तुमच्या लेखी विक्री असते, कंपनीच्या लेखी अनुदानाचा दावा आणि कृषी खात्याच्या लेखी तालुक्यात किती साठा उरला याचा हिशेब. कोण, कुठे, काय नोंदवतं आणि त्यावर कोण निर्णय घेतं, याचाच अभ्यास त्या पेपरात आहे.

आणि हे बिघडतं कसं, तेही तुम्हीच त्याला सांगू शकता. जूनमध्ये पाऊस झाला की दुकानात झुंबड उडते. रेंज जाते. राबून राबून बोटांच्या रेषा झिजलेल्या, त्यामुळे कित्येकांचा अंगठा मशीन घेत नाही. मग काही दुकानांत पोती देऊन टाकतात, नाव वहीत लिहितात आणि मशीनवर चढवायचं रात्रीवर ठेवतात. चार दिवसांनी मशीन सांगतं चाळीस पोती शिल्लक आणि गोदामात असतात बारा. नेमके त्याच दिवशी तपासणीला साहेब येतात. यात चूक कोणाची? मशीनची, काउंटरवरच्या पोराची, की गर्दीचा दिवस कसा असतो याचा विचार न करता कामाचा क्रम ठरवणाऱ्याची? मी दर वर्षी वर्गात हा प्रश्न टाकते. पहिलं उत्तर ठरलेलं: नवीन मशीन घ्यावं. तासाभराच्या चर्चेनंतर कोणीतरी विचारतं की वहीतली नोंद मशीनवर चढवणं हे काम नक्की कोणाकडे आहे. तिथून विषय खरा सुरू होतो.

तुमच्या जवळचंच आणखी एक उदाहरण देते, कारण ते मला फार मोलाचं वाटतं. वारणा नदीच्या पलीकडे, वारणानगरला, १९९८ मध्ये वायर्ड व्हिलेज प्रकल्प सुरू झाला. सुमारे ७० गावांसाठी कॉम्प्युटर केंद्रं उभारली. त्यातून शेतीची माहिती मिळेल, सरकारी कामं होतील, अशा खूप अपेक्षा होत्या. पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या संशोधकांनी लोक त्या केंद्रांवर खरंच काय करतात ते पाहिलं. बहुतेकांचं काम उसापुरतं होतं: तोडीचा परवाना, किती टन गेला, खताचं बिल. एवढ्यासाठी मोबाईलवरचा एक मेसेज पुरे होता. सात गावांत त्यांनी तसं करून पाहिलं. खर्च कमी झाला आणि शेतकऱ्यांची सोय वाढली. आधी नीट पाहणं आणि मग यंत्र निवडणं, ही शिस्त कोडिंगच्या क्लासात आपोआप येत नाही.

तेव्हा कोडिंग शिकू दे, त्याला माझी ना नाही. पण एका रविवारी त्याला काउंटरवर बसवा. ट्रकमधून उतरलेलं पोतं गिऱ्हाइकाच्या हाती जाईपर्यंत कुठे कुठे लिहिलं जातं ते त्याने कागदावर उतरवावं: मालासोबत आलेलं चलन, स्टॉक रजिस्टर, पॉस, बिलबुक, उधारीची वही. प्रत्येक नोंदीपुढे लिहावं की ती नंतर कोण वाचतं. एखादी नोंद कोणीच वाचत नाही असं निघेल, आणि कीटकनाशकाची मुदत कधी संपते यासारखी गरजेची नोंद कुठेच नसेल. नंतर गेल्या तीन हंगामांची बिलं काढून बघावं, जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात युरिया किती खपला. रोजची विक्री लिहिणं ही एक पायरी आणि त्या आकड्यांवरून पुढची मागणी नोंदवणं ही वरची पायरी. पुस्तकात यांनाच अनुक्रमे व्यवहार प्रक्रिया प्रणाली आणि व्यवस्थापन माहिती प्रणाली म्हटलंय. एवढं केल्यावर व्याख्या पाठ कराव्या लागणार नाहीत.

प्रश्न: मला एक्सेल छान येतं. मग डेटाबेस वेगळा का शिकायचा?
– बी.कॉम.ची विद्यार्थिनी, फोंडा

उत्तर: एक्सेल हिशेबाला उत्तमच आहे, ते सोडू नका. पण समजा, ऑर्डरींच्या यादीत प्रत्येक ओळीत तुम्ही गिऱ्हाइकाचं नाव आणि फोन लिहिलाय. त्याचा फोन बदलला. तुम्ही दोन ओळी दुरुस्त केल्या, तीन राहून गेल्या. आता खरा नंबर कोणता? शिवाय एकाच गावात एकाच नावाची तीन माणसं असतात. आयबीएम या कॉम्प्युटर कंपनीतल्या एडगर कॉड यांनी १९७० मध्ये डेटाबेसची जी मांडणी केली ती इथे कामी येते: गिऱ्हाइकांचा तक्ता वेगळा, प्रत्येकाला एक क्रमांक, ऑर्डरींच्या तक्त्यात फक्त तो क्रमांक. फोन एकाच जागी असतो, एकदाच बदलायचा. परीक्षेत नॉर्मलायझेशन, म्हणजे माहिती अशी तक्त्यांत वाटून लावणं, आलं तर आधी हे दोन तक्ते काढा आणि मग व्याख्या लिहा.