नवीन घराचा पाया आधी घ्यावा की सेप्टिक टँक?

काम पायाचं आधी, पण आखणी दोन्हींची एकत्रच करा. सगळं घरातून टाकीकडे जाणाऱ्या पाइपच्या उतारावर अडतं. चार इंची पाइपला साठास एक उतार धरला, तर 12 मीटरमध्ये 20 सेंटिमीटर खाली जावं लागतं. जोत्याची उंची त्या हिशोबानेच ठरवा. पाइप जिथून बाहेर निघणार, तिथे मोठ्या पाइपचा तुकडा बांधतानाच बसवा. नंतर छिन्नीने फोडलेल्या जोत्यातून ओल चढलेली मी पाहिली आहे, कृपा करून तसं करू नका.

शोषखड्डा, म्हणजे टाकीतून बाहेर पडणारं पाणी जिथे जमिनीत मुरतं तो खड्डा, विहीर-बोअरपासून निदान 18 मीटर लांब हवा, भेगाळ खडक असेल तर आणखी लांब.

टाकीभोवतीचा खड्डा बुजवण्याआधी टाकी पाण्याने भरा, पातळीवर खडूने रेघ मारा आणि दुसऱ्या दिवशी पाणी रेघेखाली उतरलं का ते बघा.