पॉझिटिव्ह आलं, तरी निदान लिहायची घाई नको

प्रिय,

तुझा रिपोर्ट वाचला. किनाऱ्यावर लागलेला पट्टेरी डॉल्फिन, मरायच्या आधी घेतलेलं रक्त, रोझ बेंगाल पॉझिटिव्ह आणि खाली ठळक अक्षरांत ब्रुसेला जिवाणूच्या आजाराचं नाव, 'ब्रुसेलोसिस'. तो शेवटचा शब्द तेवढा खोड.

रोझ बेंगाल ही ब्रुसेलाविरुद्धच्या अँटिबॉडी (जंतूशी लढायला शरीर बनवतं ती प्रथिनं) शोधणारी, मुळात गाईगुरांसाठी बसवलेली चाचणी. सीरमचा (रक्त गोठल्यावर सुटणाऱ्या पाण्याचा) थेंब, शेजारी गुलाबी अँटिजेनचा (रंगवलेल्या मृत ब्रुसेलाचा) थेंब, दोन्ही काडीने मिसळायचे, प्लेट चार मिनिटं हलवायची आणि अँटिबॉडींमुळे गुठळ्या होऊन मिश्रण रवाळ होतं का ते बघायचं. आता तुझ्या नमुन्याचा फोटो बघ. सीरम लालसर आहे, म्हणजे तांबड्या पेशी फुटल्यात. त्यात फायब्रिनचे (रक्त गोठताना होणाऱ्या धाग्यांचे) बारीक तुकडे राहिले असतील, तर तेही डोळ्याला गुठळ्यांसारखेच दिसतात. सीरम पुन्हा सेंट्रिफ्यूज कर आणि चाचणी परत लाव. प्लेट दुसऱ्या कुणाला तरी वाचायला दे, आणि नमुना कुठला हे त्याला सांगू नकोस.

समज, गुठळ्या खऱ्याच निघाल्या. तरी हाती काय लागलं? या प्राण्याची कधीतरी ब्रुसेलाशी, किंवा त्याच्यासारख्या दिसणाऱ्या जिवाणूशी गाठ पडली होती, एवढंच. येर्सिनिया एंटेरोकोलिटिका ओ:९ या जिवाणूच्या बाहेरच्या साखरसाखळ्या ब्रुसेलाशी इतक्या मिळत्याजुळत्या असतात की चाचणी हमखास फसते. शिवाय अँटिबॉडी आजार ओसरल्यावरही रक्तात रेंगाळतात, आणि लागण ताजी असेल तर अजून तयारच झालेल्या नसतात.

एलायझा (अँटिबॉडी रंगाच्या गडदपणावरून मोजणारी चाचणी) लावणार असशील तर कॉम्पिटिटिव्ह लाव. नेहमीच्या इनडायरेक्ट एलायझात डॉल्फिनची अँटिबॉडी ओळखणारं अभिकर्मक लागतं आणि ते प्रत्येक जातीसाठी कुठून आणणार? कॉम्पिटिटिव्हमध्ये प्राण्याची अँटिबॉडी आणि आपली ठरलेली अँटिबॉडी एकाच जागेसाठी झगडतात, त्यामुळे जातीचा प्रश्न येत नाही. खरं घोडं अडतं ते कट-ऑफपाशी, म्हणजे कुठल्या आकड्यापासून पॉझिटिव्ह म्हणायचं तिथे. गाईंचा कट-ऑफ ठरवायला खात्रीने निरोगी असलेले कळप मिळतात. समुद्रातला खात्रीने निरोगी डॉल्फिन कुणी दाखवावा? म्हणून रिपोर्टात नुसतं 'पॉझिटिव्ह' नको, मोजलेला आकडा आणि कट-ऑफ कुठला वापरला, दोन्ही लिही.

पोहताना त्याचा तोल जात होता, असं तू सहज एका ओळीत लिहून गेलास. माझ्या मते अख्ख्या रिपोर्टातली सर्वांत महत्त्वाची ओळ तीच. पट्टेरी डॉल्फिनमध्ये ब्रुसेला सेटी हा ब्रुसेलाचा समुद्री प्रकार मेंदूवर आणि त्याच्या आवरणावर सूज आणतो, हे चांगलं ठाऊक आहे. तेव्हा मेंदू आणि मणक्यातलं पाणी पीसीआर (जिवाणूचा डीएनए शोधणं) व कल्चरला (जिवाणू वाढवून बघणं) पाठव. जोडीला फुफ्फुस, लसीकाग्रंथी आणि जननेंद्रियंही. १९९४ साली समुद्री सस्तन प्राण्यांतल्या ब्रुसेलाची पहिली नोंद झाली, तीही जिवाणू वाढवून दाखवल्यावरच. कॅलिफोर्नियात तो डॉल्फिनच्या गर्भपात झालेल्या पिलात सापडला होता. हा जिवाणू सावकाश वाढतो, चार दिवसांत काही दिसलं नाही म्हणून प्लेटा टाकून देऊ नकोस.

उपचारासाठी ठेवलेल्या दुसऱ्या डॉल्फिनचं मात्र वेगळं आहे. तो जिवंत आहे, म्हणजे दोन-तीन आठवड्यांनी दुसरा नमुना घेता येईल. शेपटीच्या पंखातूनच घे, पण तिथे धमनीभोवती शिरांचं जाळं असतं, रक्त मिसळून येतं. म्हणून रक्तातल्या वायूंच्या आकड्यांवर फार विसंबू नकोस. पांढऱ्या पेशी आणि फायब्रिनोजेन (रक्त गोठवणारं प्रथिन) चढलेलं, लोह उतरलेलं असेल तर दाह चालू आहे असं समज. कुठल्या जिवाणूमुळे, ते या आकड्यांवरून कळत नाही. दोन्ही सीरम एकाच दिवशी, एकाच प्लेटवर लाव. टायटर (सीरम किती पट पातळ केलं तरी चाचणी पॉझिटिव्ह येते तो आकडा) चौपट वाढला तर लागण ताजी म्हणायला आधार मिळतो.

आणि कल्चरची प्लेट बायोसेफ्टी कॅबिनेटबाहेर उघडायची नाही, वास तर अजिबात घ्यायचा नाही. समुद्री ब्रुसेलाची लागण प्रयोगशाळेत काम करणाऱ्या माणसाला झाल्याची नोंद आहे. उरलेलं सीरम लहान लहान नळ्यांत वाटून उणे ८० अंशांवर ठेव, एकच नळी पुन्हा पुन्हा वितळवू नकोस. त्यातली एक मला पाठव, येर्सिनियाची तपासणी इथे लावून बघतो.