गाडी बदलायची नाही

प्रिय मुली,

मुंबईत घर शोधायला केलेला तुझा तक्ता सावकाश बघितला. सात वस्त्या, आणि प्रत्येकीपुढे भाडं, डिपॉझिट, जिम, कॅफे, समुद्र किती मिनिटांवर, शिवाय 'वाइब' नावाच्या एका गोष्टीला दहापैकी गुण. बीकेसीतल्या, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलातल्या, ऑफिसात रोज पोहोचणार कशी, हा रकाना सगळ्यात शेवटी. त्यात जवळपास सगळीकडे 'अंदाजे एक तास' असं लिहून मोकळी झाली आहेस. आणि मग रात्री दीड वाजता मला मेसेज, की मावशी, डोकं चालेनासं झालंय. कसं चालेल? जो रकाना पहिला हवा तो तू शेवटी टाकलास.

एकटीनं यावं का, मुंबई झेपेल का, आईला काय वाटेल, यावर मी एक ओळही लिहिणार नाही. तू येते आहेस, विषय संपला. मला एवढंच सांगायचंय की घराच्या दारातून निघून ऑफिसच्या दारापर्यंत एकच गाडी हवी. लोकल असो, मेट्रो असो, बेस्टची बस असो. दोन्ही टोकांना पायी चाल, वीस-वीस मिनिटं चाल, पण मध्ये गाडी बदलायची नाही.

आता हा नियम तुझ्या यादीला लावून बघ. घोडबंदर रोडवरचा तो वन बीएचके तुला फार आवडलाय. बाल्कनीतून येऊरचे डोंगर दिसतात, मान्य. पण तिथून आधी रिक्षा नाहीतर बसनं ठाणे स्टेशन, मग लोकलनं कुर्ला, मग कुर्ल्याला उतरून बीकेसीच्या शेअर रिक्षाची रांग. हे सकाळी, आणि संध्याकाळी सगळं उलट्या क्रमानं. खारघरला निम्म्या पैशात दुप्पट जागा मिळते हे खरं, पण स्टेशन एकीकडे आणि बरेचसे सेक्टर दुसरीकडे. हार्बर लाइनवर फास्ट गाड्या नाहीत, आणि कुर्ल्याची ती रांग इथेही चुकत नाही. पवईला रेल्वेचं स्टेशनच नाही. जवळचं म्हणजे कांजूरमार्ग, आणि तिथे पोहोचणं हाच एक प्रवास. वर्सोव्याला समुद्र आहे, म्हणून तू त्याला दहापैकी साडेनऊ दिलेस. मेट्रोच्या ज्या स्टेशनाला वर्सोवा नाव दिलंय ते सात बंगल्यापाशी आहे. तुझी ती खोली यारी रोडच्या पार टोकाला. म्हणजे आधी रिक्षा, मग एक मेट्रो, मग मरोळ नाक्याला उतरून दुसरी मेट्रो. साडेनऊ कशाचे दिलेस मग?

तू म्हणशील, मेट्रो एसी आहे, जिने सरकते आहेत, बदलायला असा कितीसा त्रास. त्रासाबद्दल मी बोलतच नाहीये. एक गाडी पाच मिनिटं उशिरा आली तर पाच मिनिटं उशीर होतो. दोन असल्या की पहिलीच्या पाच मिनिटांमुळे दुसरी चुकते, आणि तिच्या पुढची इतकी भरून येते की तीही सोडावी लागते. तिसरी रिक्षा असेल तर तो हिशेब कुणालाच मांडता येत नाही. मग माणूस रोज अर्धा तास आधी निघायला लागतो, केवळ भीतीपोटी. तो अर्धा तास तुझ्या तक्त्यात कुठेच नाही.

आणि पाऊस. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला, तेव्हा तू शाळेतही जात नसशील. तसा रोज पडत नाही. पण हिंदमाता, गांधी मार्केट, मिलन सबवे, अंधेरी सबवे ही नावं दर पावसाळ्यात एकदा तरी बातम्यांत येतात, आणि सायन-कुर्ल्याला रुळांवर पाणी आलं की सगळी मध्य रेल्वे लंगडते. एकच गाडी असली की घरी बसून ठरवता येतं, ती चालू आहे किंवा बंद आहे. तीन असल्या की पहिली चालू असते, दुसरी रडतखडत असते आणि तू कुर्ल्याच्या पुलावर भिजत उभी असतेस, पुढेही जाता येत नाही, मागेही नाही. ज्यांच्या घरी कुणी असतं त्यांना निदान कुणीतरी विचारतं, कुठवर आलीस, खिचडी टाकू का. तुझ्या खोलीला कुलूप असणार आहे. म्हणून एकट्या माणसाला हा नियम दुप्पट लागू.

हा मी पुस्तकातून काढलेला नाही. सोलापूरहून आले तेव्हा डोंबिवलीला माझ्या मावशीकडे उतरले आणि नोकरी अंधेरीला. सगळे म्हणाले, किती छान, घरचं जेवण, भाडं नाही. डोंबिवलीहून फास्ट पकडून दादर, दादरचा पूल ओलांडून पश्चिम रेल्वे, अंधेरीला उतरून बस. तो पूल मी कधी चालले नाही, गर्दीनं मला त्याच्यावरून नेलं. मावशीची माया खोटी नव्हती, ती रात्री ताट झाकून जागी राहायची, आणि त्याचंच मला ओझं व्हायचं. दादरच्या शिवाजी मंदिरला नाटक बघायला बसायचे आणि तिसऱ्या अंकात उठायचे, कारण पुढची गाडी गेली की डोंबिवलीला रिक्षा मिळण्याची खात्री नसे. कितीतरी नाटकांचे शेवट मला दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या बायकांनी सांगितले. कंपनीच्या जवळच एक बाई गाणं शिकवायच्या. त्यांच्याकडे जायला लागले आणि सोडलं, संध्याकाळी सातनंतर तिथे थांबणं परवडत नव्हतं. आवाज बरा होता माझा. आता त्याचं काय.

मग मी पार्ल्यात, पूर्वेला, एका आजींच्या घरातली आतली खोली घेतली. खिडकी लिफ्टच्या डक्टमध्ये उघडायची. भाड्यात निम्मा पगार जायचा. घरच्यांनी बोल लावले, मावशी तर वर्षभर बोलली नाही. पण स्टेशनवर चालत जायचं, एका गाडीनं अंधेरी, उतरून चालत कंपनी. संध्याकाळी साडेसहाला मी मोकळी. पार्ल्यातल्याच दीनानाथ नाट्यगृहात नाटक बघितलं तर पडदा पडेपर्यंत बसायचं आणि चालत घरी.

तेव्हापासून मी घरं बऱ्याचदा बदलली, गाडी कधी बदलली नाही. माझ्या बरोबरीच्या मैत्रिणींनी नव्वदच्या दशकात कर्ज काढून कल्याण, बदलापूर, विरारला जागा घेतल्या. आज त्या जागांना सोन्याचा भाव आहे आणि मी अजून भाड्याच्या घरात, दर अकरा महिन्यांनी मालकाच्या तोंडाकडे बघते. हे तुझी आई तुला सांगेलच, म्हणून मीच आधी सांगते. माझा भाऊ तर प्रत्येक लग्नात सांगतो. त्या मैत्रिणींचा मला हेवा नाही असं म्हणणार नाही, पहिल्या तारखेला तर वाटतोच. पण त्यातली एक निवृत्त झाली तेव्हा म्हणाली, मला माझं घर दिवसाउजेडी फक्त रविवारी माहीत होतं. मी माझी वस्ती वारांनी ओळखते. गुरुवारी कुठली भाजीवाली येत नाही, कुठल्या केमिस्टचा मुलगा रात्री अकरालाही औषध आणून देतो, तापानं पडले तेव्हा समोरच्या बिऱ्हाडातून पेज कुणी पाठवली. हे भाड्याच्या पावतीवर लिहिलेलं नसतं, म्हणून भावाला दिसत नाही. तर ते असो, पत्र तुझ्यासाठी आहे.

तुझा पुढचा प्रश्न मला माहीत आहे. उद्या नोकरी बदलली तर? मग घर बदल. एकटीचं सामान एका टेम्पोत मावतं, तोच तर एकटं असण्याचा फायदा. नोकरी एका जागी आणि हट्टानं घर दुसऱ्या जागी, हे ज्यांच्या मुलांच्या शाळा असतात त्यांनी करावं.

आता कामाचं. बीकेसीला पूर्वी माझा नियम लावणंच कठीण होतं, कारण वांद्रे काय आणि कुर्ला काय, दोन्हीकडून पुढे रिक्षा किंवा बस होतीच. भुयारी मेट्रोनं ते बदललं. २०२४ च्या ऑक्टोबरात आरे ते बीकेसी सुरू झाली आणि २०२५ च्या ऑक्टोबरात थेट कफ परेडपर्यंत गेली. म्हणजे तुझा नकाशा आता ही एकच रेघ. तिच्यावरच्या स्टेशनांपासून चालत जाता येईल तेवढंच बघ, बाकीचं पुसून टाक. शितलादेवीला, म्हणजे माहीमला, राहिलीस तर मध्ये फक्त धारावी आणि लगेच बीकेसी. पण तिथे तुझ्या पैशात पूर्ण घर येणार नाही, कुणाबरोबर तरी खोली वाटून घ्यावी लागेल. मला विचारशील तर मरोळ बघ. तिथून विमानतळाची स्टेशनं पार करून गाडी सरळ बीकेसीला जाते. वस्ती देखणी नाही, रस्ते खणलेले असतात, डोक्यावरून विमानं जातात. पण कामाला जाणाऱ्या एकट्या माणसांची तिथे सवय आहे, आणि सुक्या मासळीचा बाजार आहे, म्हणजे तुझ्या बोंबलांवरून नाक मुरडणारी सोसायटी भेटण्याची शक्यता जरा कमी. गिरगावात जुन्या चाळीतली खोली मिळाली तर सोडू नकोस. लांब आहे खरं, पण गाडी एकच. आणि लांब हा शब्द मला आता घाबरवत नाही.

समुद्राचं म्हणत होतीस. समुद्र खिडकीतून बघणाऱ्यांच्या घरात पावसाळ्यात कपाटातल्या चपलांना बुरशी येते, कडी-कोयंडे गंजतात आणि पश्चिमेच्या भिंतीचे पोपडे पडतात. याच मेट्रोनं चर्चगेटला उतर आणि मरीन ड्राइव्हला जाऊन बस. कुणी भाडं मागत नाही.

करारावर थोडक्यात: लीव्ह अँड लायसन्स अकरा महिन्यांचा असला तरी महाराष्ट्रात त्याची नोंदणी लागतेच, १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात तसं आहे आणि ती करून घेण्याची जबाबदारी मालकाची. 'नोटरी करून टाकू' म्हणणाऱ्याला हात जोड. डिपॉझिट बँकेतूनच दे. पाणी किती वाजता येतं ते एजंटला नाही, शेजारणीला विचार. सकाळी पाचला तासभर येणारं पाणी भरायला तुझ्याकडे दुसरं माणूस नाही. जवळ पोळीभाजी केंद्र आहे का बघ, जिम नंतर. सोसायटी 'मुली चालतील पण दहानंतर गेट बंद' म्हणाली तर भांडत बसू नकोस, पुढचं घर बघ. भांडायला मलाही आवडतं, पण राहायला जाण्याच्या आधी नाही.

आणि रविवारी घर बघणं बंद कर. रविवारी एजंटच्या गाडीत बसून वीस मिनिटांत सगळीकडे पोहोचता येतं, लोकलवर मेगाब्लॉक असतो, शेअर रिक्षांना रांगा नसतात. त्या दिवशी दिसतं ते दुसरंच शहर. मंगळवारी ये. सकाळी पावणेनऊला त्या घराच्या दारातून निघ, पर्स खांद्याला लावून, ऑफिसचे बूट घालून. शक्यतो पाऊस असताना. संध्याकाळी सातला तशीच परत जा. दोन्ही वेळेला गाडी बदलावी लागली नाही, तर मला फोन कर, मी घर बघायला येते. बदलावी लागली तर मला फोटो पाठवू नकोस, बाल्कनी कितीही सुंदर असू दे.

तोवर कुणालाही टोकन देऊ नकोस. दिलं असशील तर किती आणि कुणाला ते आजच कळव, त्या एजंटशी मी बोलते.

तुझी,
मावशी