मुलीला टॉर्चवर मीनाकारी करायचीय, बी.कॉम. सोडू द्यावं का?

प्रश्न : मुलगी एस.वाय.बी.कॉम.ला आहे. आधी रेझिनचे दागिने करायची, आता तांब्याच्या मण्यांवर गॅसच्या टॉर्चने मीना चढवायचं खूळ डोक्यात बसलंय. कॉलेज सोडून हेच करते म्हणते. काय करावं? – एक आई, धायरी

उत्तर : ताई, पत्र कॉलेजबद्दल असलं तरी धास्ती टॉर्चची दिसते. ती रास्तच आहे, म्हणून आधी तेच बघू.

मीना म्हणजे काचेची भुकटी. साधारण ७५० ते ८५० अंश सेल्सिअसला ती वितळते आणि धातूला धरते. मणी स्टीलच्या सळईवर ओवायचा, ज्योतीत तापवायचा, भुकटीत लोळवायचा, पुन्हा ज्योतीत धरायचा; असे दोन-तीन थर. हे काम स्वयंपाकाच्या ओट्यावर नको. हवा खेळती असलेली, पडदे नसलेली जागा, खाली फरशी, अंगात सुती कपडे, केस बांधलेले, जवळ अग्निशामक. भुकटी नाकात जाता कामा नये, त्यामुळे मास्क हवाच. शिशाची भुकटीही मिळते. तिने बिनशिशाचीच घ्यावी. एवढं पाळणार असेल तर टॉर्च आणू द्या.

आता कलेचं. देव्हाऱ्यातला तांब्या तुम्ही चिंचेने घासता ना, मणीही तितकाच लख्ख लागतो. बोटाचा तेलकटपणा राहिला तरी मीना तिथे धरत नाही. ज्योतीत भुकटी आधी साखरेसारखी रवाळ दिसते, मग संत्र्याच्या सालीसारखी, मग एकदम चकचकीत. तेव्हा थांबायचं. लाल रंग गरम असताना काळपट दिसतो, मणी निवल्यावरच खरा कळतो. माझ्याकडे आलेल्या एका मुलीने स्वस्त पडतात म्हणून पितळेचे मणी घेतले होते. पितळेत जस्त असतं, मीना नीट टिकत नाही. रात्री डबीत ठेवलेल्या मण्यांचे सकाळी टवके निघालेले. रडलीच बिचारी.

म्हणून तुमच्या लेकीला सांगा : एकाच निळ्या रंगाचे शंभर मणी कर. एक सुंदर मणी कुणालाही जमतो. कानातल्याला जोडी लागते, गिऱ्हाईक पुढच्या महिन्यात तस्साच मागतं. तुळशीबागेतल्या मण्यांशी भावात टक्कर नकोच, तिथे ती हरणार. तिचा माल हाताच्या कामाच्या किमतीला विकला गेला पाहिजे, आणि ती किंमत काढायला गॅस, भुकटी, वाया गेलेला माल, स्वतःचे तास धरावे लागतात. हे कॉस्टिंग ती कॉलेजात शिकतेच आहे! सोडायचं कशाला? दीड वर्ष उरलंय.

पुढे रस टिकला तर मुंबईच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ जेम्स अँड ज्वेलरीत दागिन्यांचे अभ्यासक्रम आहेत, त्यांची चौकशी करा. जमलं तर एकदा जयपूरची मीनाकारी तिला जवळून पाहू द्या. त्याआधी कसब्यातल्या तांबट आळीत एक सकाळ घालवा दोघी. तांबं तापलं की कसं वागतं, हे तिथले हात नीट दाखवतील.

भट्टी मात्र इतक्यात घेऊ नका, ती मागेलच. शंभर मण्यांचा हिशेब वहीत लिहायला सांगा, फुटलेले धरून, आणि दिवाळीनंतर मला कळवा.