चावी कोणाकडे असते?

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

पुढच्या महिन्यापासून तू प्रौढ दिव्यांगांच्या घरांची तपासणी करू लागशील. ‘संस्था’ न म्हणता ‘घरं’ म्हणते, ते मुद्दाम. चार-सहा बौद्धिक दिव्यांग, स्वमग्न (ऑटिझम असलेली) किंवा सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा कमी असलेली माणसं एखाद्या फ्लॅटमध्ये काळजीवाहकांच्या मदतीने राहतात, तेव्हा ते त्यांचं घर असायला हवं. दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याचं पाचवं कलम तेच सांगतं: समाजात राहण्याचा हक्क आहे, आणि अमुकच ठिकाणी राहा अशी सक्ती करता येत नाही. पण पुष्कळदा पाटी घराची असते आणि आत कारभार वसतिगृहाचा. तुला ओळखायचं आहे ते हेच. औषधं, पैसे, जेवण सगळं तपासताना हा एकच प्रश्न मनात ठेव: हे घर कोणाचं आहे?

बेल वाजव आणि दार कोण उघडतं ते बघ. राहणाऱ्यांपैकी कोणी उघडलं, तर त्यांनाच विचार, ‘आत येऊ का?’ प्रत्येक खोलीपाशी पुन्हा विचार. कोणी ‘नको’ म्हणालं तर जाऊ नकोस. तो नकार तिथल्या काळजीवाहकांना पटतो का, तेवढं टिपून ठेव. मुख्य दाराची चावी कोणाकडे असते, खोलीला आतून कडी आहे का, फ्रिजला कुलूप आहे का, संध्याकाळी सातनंतर कोणाला चहा करून प्यावासा वाटला तर काय होतं, ही उत्तरं कुठल्याच रजिस्टरात सापडत नाहीत.

नोंदणीचं प्रमाणपत्र मात्र आधी बघ. त्याची मुदत आणि मंजूर संख्या लिहून घे, मग न्हाणीघरात जाऊन टूथब्रश मोज. मंजुरी दहा जणांची आणि ब्रश चौदा असतील, तर पुढचा तासभर तिथेच लागेल. ब्रशांवर नावं किंवा खुणा आहेत का, टॉवेल प्रत्येकाचा वेगळा आहे का, हेही तेव्हाच दिसतं. कपड्यांची रास एकच असेल आणि त्यातून हाताला लागेल ते अंगावर चढवलं जात असेल, तर त्या घरात ‘माझं’ असं काही उरलेलं नाही.

कान उघडे ठेव. पंचेचाळीस वर्षांच्या माणसाला ‘आमची मुलं’ म्हणतात, ते बहुतेक वेळा मायेने. पण मूल म्हटलं की त्याला विचारायचं राहून जातं. जेवायला काय, झोपायचं कधी, केस किती कापायचे, सगळं परस्पर ठरतं. तू सगळ्यांना ‘तुम्ही’ म्हण, नावाने बोल, आणि प्रश्न त्यांनाच विचार, शेजारी उभ्या असलेल्या ताईंना नव्हे.

विचारण्याचीही एक पद्धत आहे. ‘इथे आवडतं ना?’ असं विचारलंस तर ‘हो’च येणार. बौद्धिक दिव्यांग व्यक्तींना आयुष्यभर ‘हो’ म्हटल्यावर शाबासकी मिळालेली असते. म्हणून उघडा प्रश्न विचार: ‘काल रात्री जेवायला काय होतं?’ ‘बरं वाटत नसलं तर कोणाला सांगता?’ ‘बाहेर शेवटचं कधी गेलात, कोणाबरोबर?’ थोड्या वेळाने तोच प्रश्न उलटा करून विचार. दोन्ही वेळा ‘हो’ आलं, तर त्या ‘हो’वर काही उभं करू नकोस. बोलता न येणाऱ्यांसाठी चित्रं, फोटो, हावभाव यांची काय सोय आहे ते बघ. संवादाचा तक्ता कपाटात नवाकोरा ठेवलेला असेल, तर तो तुला दाखवण्यापुरताच आहे. अशा व्यक्तीजवळ किमान वीस मिनिटं नुसती बस. काळजीवाहक आत आल्यावर तिचं अंग सैलावतं की आखडतं, एवढं बघायला तेवढा वेळ लागतोच.

आता औषधं. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण चुका इथेच सर्वांत जास्त लपतात. गोळी दिल्याच्या सह्यांचा तक्ता बघून समाधान मानू नकोस, गोळ्या मोज. समज, १ तारखेला सकाळी एकाच्या ६० गोळ्या आल्या, रोज दोन, सकाळ-संध्याकाळ. तू १२ तारखेला दुपारी गेलीस, तर २३ संपलेल्या आणि ३७ उरलेल्या असायला हव्यात. ४१ सापडल्या आणि तक्त्यावर सह्या मात्र पूर्ण असतील, तर चार डोस चुकले आहेत आणि सह्या एकगठ्ठा झाल्या आहेत. एकाच पेनाने, एकाच ओढीत केलेल्या महिनाभराच्या सह्या लगेच ओळखू येतात. गोळी फिटची असेल, तर हा नुसता हिशेबाचा प्रश्न राहत नाही. फिटचं औषध अचानक तुटलं की लागोपाठ फिट येऊन जीव जाऊ शकतो. म्हणून विचार: गोळ्या संपायच्या किती दिवस आधी नव्या आणता? सुट्टीत घरी जाताना किती देता, आणि ते लिहिता कुठे?

मग वर्तनासाठी दिलेली औषधं. रिस्पेरिडोन, हॅलोपेरिडॉल कोणाला चालू आहे, कशासाठी, कोणी लिहून दिलं आणि शेवटचा फेरविचार कधी झाला, हे प्रत्येकाच्या फाइलमध्ये शोध. पाच वर्षांपूर्वीच्या चिठ्ठीवर तीच मात्रा चालू असलेली सर्रास आढळते. हात थरथरणं, लाळ गळणं, अंग ताठरणं, सतत येरझाऱ्या घालणं, हे त्या औषधांचे दुष्परिणाम असू शकतात. घरातले लोक त्यालाच ‘त्रास देतो’ म्हणतात आणि मात्रा वाढवून घेतात. फेनिटॉइन हे फिटचं औषध घेणाऱ्यांच्या हिरड्या वाढून दातांवर चढू शकतात. म्हणून दातांच्या डॉक्टरांना कधी दाखवलं, हा प्रश्न औषधांच्या फाइलबरोबरच विचारायचा.

बद्धकोष्ठाकडे कोणी लक्ष देत नाही, आणि त्याने माणसं दगावतात. हालचाल कमी, पाणी कमी, त्यात थरथर-ताठरपणा कमी करायला दिलेली, पण शौच बांधणारी ट्रायहेक्सिफेनिडिलसारखी गोळी चालू. मग जो बोलून सांगू शकत नाही तो जेवण सोडतो, पोट धरतो किंवा स्वतःला मारून घेतो. शौचाची नोंद रोज होते का ते बघ. तीन दिवस शौच नसेल तर पुढे काय करायचं, हे रात्रपाळीच्या माणसालाही ठाऊक हवं. पातळ होतंय म्हणून जुलाब थांबवणारं औषध दिलेलं दिसलं तर थांब. आत कडक शौचाचा खडा अडकून बाजूने पातळ झिरपत असेल, तर ते औषध घात करतं.

वजन दर महिन्याला, त्याच काट्यावर. महिन्यात पाच टक्के किंवा सहा महिन्यांत दहा टक्के घटलं, तर डॉक्टरांना दाखवल्याची नोंद हवीच. म्हणजे ५० किलोच्या माणसाचे महिन्यात अडीच किलो. जेवणाच्या वेळी तिथे असण्याचा प्रयत्न कर. गिळायला त्रास असलेल्याला कोरडी चपाती, शेंगदाणे घातलेले पोहे किंवा चिवडा देणं धोक्याचं असतं. भाकरी दुधात किंवा आमटीत पूर्ण कुस्करून, पाठ सरळ ठेवून, घास संपल्यावरच पुढचा, आणि जेवणानंतर निदान अर्धा तास आडवं करायचं नाही. भरवणारी व्यक्ती उभी राहून भरवते की समोर बसून, तेवढ्यावरूनही पुष्कळ समजतं. उभ्याने भरवलं की मान वर होते आणि घास श्वासनलिकेत जाण्याचा धोका वाढतो.

फिट येणाऱ्यांच्या आंघोळीबद्दल वेगळं विचार. कडी आतून लावतात का, जवळपास कोण असतं, बादलीत आधी गार पाणी घेतात की गरम? आधी गार, मग गरम, आणि हाताच्या कोपराने तपासायचं. फिट पाच मिनिटांहून जास्त टिकली तर तातडीने दवाखान्यात न्यायचं, ही ओळ प्रत्येकाच्या योजनेत हवी. घड्याळ कोण बघतं आणि रात्री गाडी कुठून येते, हेही विचारून घे.

कुलपाकडे पुन्हा येते. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतल्या एरवाडीत मनोरुग्णांना ठेवलेल्या एका निवासात आग लागली, तेव्हा साखळीने बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनोरुग्णांना साखळीने बांधण्यावर स्पष्ट बंदी घातली. पण रात्री बाहेरून कुलूप, खिडकीला गज आणि चावी झोपलेल्या काळजीवाहकाच्या उशाशी, हाही तसाच सापळा आहे. रात्रीच्या माणसाला सांग, ‘आत्ता आग लागली असं समजा, दार उघडून दाखवा.’ घड्याळ लाव. चाकाच्या खुर्चीतल्या व्यक्तीला कोण उचलणार, ते विचार. मनगटावर, घोट्यावर किंवा कमरेला वळ दिसले, तर शरीराच्या आकृतीवर जागा, आकार आणि रंग लिही. कारणाचा अंदाज त्यात मिसळू नकोस.

महिलांच्या घरात मासिक पाळीची व्यवस्था संकोच न करता विचार: पॅड पुरतात का, बदलायला मदत कोण करतं, पाळी चुकली तर लक्षात कोणाच्या येतं? १९९४ साली शिरूरच्या निवासी गृहातल्या बौद्धिक दिव्यांग मुलींची गर्भाशयं काढली गेली, तेव्हा कारण सांगितलं गेलं ते स्वच्छतेचंच. आज २०१६ च्या कायद्याच्या दहाव्या कलमानुसार, मूल होण्याची क्षमता संपवणारी कुठलीही प्रक्रिया त्या व्यक्तीच्या जाणत्या संमतीशिवाय करता येत नाही. फाइलमध्ये अशी शस्त्रक्रिया दिसली, तर संमती कोणी, कशी समजावून घेतली, ते मागून घे. पालकांची सही म्हणजे तिची संमती नव्हे.

पैशांत तीन गोष्टी पुरतात: निवृत्तिवेतन कोणाच्या खात्यात येतं, एटीएमचा पिन कोणाला माहीत आहे, आणि गेल्या महिन्यात त्या व्यक्तीने स्वतः काय विकत घेतलं. सहा जणांच्या नावावर त्याच तारखेला, त्याच रकमेचे ‘वैयक्तिक खर्च’ दिसले तर पावत्या माग. राष्ट्रीय न्यास कायद्याखाली (तो स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्यांसाठी आहे) कायदेशीर पालक नेमलेला असेल, तर नेमणुकीपासून सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब देणं त्याच्यावर बंधनकारक आहे. तो दिलेला आहे का, बघ.

एक भेट रात्री साडेआठनंतरची आणि एक रविवारची ठेव. ड्यूटीचा तक्ता, हजेरीपट आणि पगाराची यादी तिन्ही शेजारी ठेवून वाच. कागदावरचा चौथा काळजीवाहक बहुधा पगाराच्या यादीत नसतो. पण काळजीवाहकांना आरोपी समजू नकोस. बारा-बारा तास एकटीने सहा जणांना सांभाळणारी बाई कुलूप लावते, तेव्हा चूक तिच्याइतकीच तिला एकटी ठेवणाऱ्याचीही असते, आणि अहवालात ती तशीच यायला हवी.

मारहाण, उपासमार किंवा लैंगिक अत्याचाराची शंका आली, तर अहवालाची वाट बघायची नाही. उपाशी ठेवणं हा २०१६ च्या कायद्याच्या ९२ व्या कलमाखाली गुन्हा आहे. सातव्या कलमाखाली कोणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्याला कळवू शकतं, आणि पोलीस आहेतच. ती व्यक्ती सुरक्षित झाल्याशिवाय तिथून निघू नकोस. खोदून खोदून विचारू नकोस. जे सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत लिही. लैंगिक अत्याचार असेल तर आंघोळ घालू देऊ नकोस, कपडे कागदी पिशवीत ठेव, प्लास्टिकच्या नको.

अहवालात ‘स्वच्छता समाधानकारक’ असली वाक्यं लिहू नकोस. ‘सकाळी ७:१० ला दोघांचे अंथरूण ओले, ८:४० ला बदलले’ असं लिही. प्रत्येक निष्कर्षामागे पाहिलेलं, ऐकलेलं आणि कागदावरचं, यांपैकी निदान दोन हवेत. मसुदा झाला की मोठ्या अक्षरांत, चित्रांसह त्याची एक सोपी प्रत कर आणि तिथे राहणाऱ्यांना बसून वाचून दाखव. कोणी म्हणालं, ‘असं नाही होत’, तर विचार कसं होतं, आणि तुझ्या वाक्याशेजारी त्यांचं वाक्य घाल.

कळावे.