सीसीटीव्हीत चोर दिसत असताना त्याचा फोटो ग्रुपवर का टाकू नये?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. घणसोलीतील तुमच्या सोसायटीच्या पार्किंगमधून रात्री स्कूटर चोरीला गेली, कॅमेऱ्यात एक मुलगा ती ढकलत नेताना दिसतो, वॉचमननेही त्याला ओझरते पाहिले आहे. ग्रुपवर निम्मे लोक म्हणतात की फोटो सगळीकडे फिरवा, निम्मे म्हणतात की पोलिसांत द्या, आणि तुम्ही विचारता की पोलिसांत देऊन पुढे नुसत्या तारखाच पडणार असतील, तर ढळढळीत दिसणाऱ्या चोराबद्दल न्यायालयाला आणखी काय हवे असते. मी वकील नाही. ठाण्याच्या न्यायालयात २९ वर्षे लिपिक होतो आणि त्यातील बरीच वर्षे न्यायाधीशांच्या पुढ्यात बसून कागदांना निशाणी क्रमांक देण्यात गेली. त्या अनुभवावरून सांगतो की फोटो टाकू नका. चोराची दया यावी म्हणून हे सांगत नाही. फोटो फिरवल्याचा पहिला फायदा चोरालाच होतो, म्हणून सांगतो.

तुमच्या वॉचमनने त्या मुलाला पाहिले आहे, ही तुमच्या हातातली मोठी गोष्ट आहे. उद्या कोणी पकडला गेला, तर त्याची ओळख परेड होऊ शकते. त्याच वयाच्या, त्याच बांध्याच्या इतर काही जणांत त्याला उभे करतात, साक्षीदाराला एकट्याने आत बोलावतात आणि ‘यातला कोण’ एवढेच विचारतात. या परेडची सारी किंमत एकाच गोष्टीवर असते: साक्षीदाराने तो चेहरा त्या रात्रीच पाहिलेला असावा, मधल्या काळात दुसरीकडे कुठे नाही. उलटतपासणीला उभा राहिलेला वकील पहिला प्रश्न हाच विचारतो की आरोपीचा फोटो तुम्ही यापूर्वी पाहिला होता का. तो फोटो वॉचमनच्या मोबाइलवर आठ दिवस फिरून गेलेला असेल, तर त्याने परेडमध्ये माणूस ओळखला की फोटो, हे कोणालाच सांगता येत नाही, आणि त्या शंकेचा फायदा आरोपीला द्यावाच लागतो. असे घडलेले मी समोर बसून पाहिले आहे. साक्षीदार खरे बोलत होता, माणूसही बहुधा तोच होता, पण ओळख कुचकामी ठरली.

दुसरा फायदा त्याहून साधा आहे. सोसायटीचा ग्रुप बंद दारामागे राहत नाही. संध्याकाळपर्यंत फोटो रबाळे, ऐरोली, कळवा करत त्या मुलाच्या ओळखीच्या कोणापर्यंत तरी पोहोचतो. मग स्कूटर रात्रीत उघडली जाते आणि सुटे भाग होऊन विकली जाते. आरोपीने दाखवून दिलेल्या जागेवरून पंचांसमक्ष गाडी जप्त होणे हा चोरीच्या खटल्यातला फार भक्कम पुरावा असतो, आणि तोच आपण आपल्या हाताने घालवतो.

आता ‘ढळढळीत दिसतो’ या शब्दाविषयी. काही वर्षांपूर्वी ठाण्यातील आमच्याच इमारतीच्या मागच्या पार्किंगमधून एका शाळकरी मुलाची नवी सायकल गेली. आमच्याकडे चित्रण साठवणारी दोन वेगळी यंत्रे (डीव्हीआर) आहेत. एकावर फाटकाचा कॅमेरा, दुसऱ्यावर मागच्या पार्किंगचा. पार्किंगच्या चित्रणात पाच वाजायला दहा मिनिटे असताना सायकल जागेवर होती आणि पाच पंचवीसला ती जागा रिकामी होती. मधला भाग खांबाआड जात होता. फाटकाच्या चित्रणात पाच दहाला पेपर टाकणारा मुलगा आत येताना आणि नंतर बाहेर जाताना दिसत होता. त्या वेळेत दुसरे कोणी आलेच नव्हते. सायकल बाहेर कशी गेली याचे उत्तर कोणाकडे नव्हते, तरी ‘मागच्या भिंतीवरून साथीदाराला दिली असणार’ असे एकाने लिहिले आणि अर्ध्या तासात ते सिद्ध झाल्यासारखे सगळे बोलू लागले. मुलाचा फोटो शेजारच्या तीन इमारतींत गेला. त्याला कोणी मारले नाही, पण दुसऱ्या दिवसापासून त्याचे पेपर घ्यायला कोणी तयार होईना.

मी दोन दिवस गप्प राहिलो, याची खंत अजून आहे. तिसऱ्या दिवशी वॉचमनचे रजिस्टर चाळताना लक्षात आले की पाण्याचा पंप रोज साडेपाचला सुरू होतो आणि त्या दिवशीही नोंद साडेपाचचीच आहे. मग पार्किंगचे चित्रण पुन्हा लावले. त्यात वॉचमन पंपघराचे दार उघडताना दिसतो, आणि वर कोपऱ्यात वेळ दिसते सहा वाजून दहा मिनिटे. त्या यंत्राचे घड्याळ चाळीस मिनिटे पुढे होते. बसवल्यापासून कोणी ते लावलेच नव्हते. म्हणजे सायकल गेली ती चार दहा ते पावणेपाच यांच्या दरम्यान, तो मुलगा फाटकात येण्याच्या किमान पंचवीस मिनिटे आधी. मी हे ग्रुपवर सविस्तर लिहिले. काहींनी हात जोडल्याची चिन्हे टाकली. फोटो ज्या इमारतींत गेला होता तिथे ही दुरुस्ती गेली की नाही, हे कोणी पाहिले नाही. तो मुलगा महिनाभरात काम सोडून गावी गेला आणि सायकल आजपर्यंत सापडलेली नाही.

आमच्याकडे प्रकरण एवढ्यावर निभावले, पण सगळीकडे निभावत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवरून पसरली होती आणि भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठार मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. आपली सोसायटी सुशिक्षितांची आहे, आपल्याकडे असे होणार नाही, असे तुमच्या ग्रुपवर कोणी लिहिले असेल, तर त्यांना एवढेच सांगा की फोटो कोणाच्या हाती पडेल हे टाकणाऱ्याच्या हातात राहत नाही.

चित्रणात आणखी दोन गोष्टी फसवतात. रात्री हे कॅमेरे बहुधा डोळ्याला न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशात पाहतात आणि चित्र कृष्णधवल होते. त्या प्रकाशात गडद रंगाचे कित्येक टेरिकॉटचे कपडे पांढरट दिसतात, आणि कॅमेऱ्याच्या जवळ आलेला चेहरा इतका उजळतो की नाकडोळे पुसल्यासारखे होतात. त्यामुळे ‘पांढऱ्या शर्टातला मुलगा’ हे वर्णन रात्रीच्या चित्रणावरून करू नये. दुसरी गोष्ट अलीकडची आणि अधिक घातक. हल्ली कोणीतरी उत्साहाने तो धूसर चेहरा एआयच्या ॲपमध्ये घालून स्वच्छ करून आणतो. ते ॲप फोटोवरची धूळ पुसत नाही. चित्रात जे नाहीच ते आधी पाहिलेल्या हजारो चेहऱ्यांवरून अंदाजाने भरते. जो चेहरा तयार होतो तो जगात कोणाचा तरी असू शकतो, त्या रात्री तुमच्या पार्किंगमध्ये आलेल्या मुलाचा असेलच असे नाही. असा फोटो तुमच्याकडे तयार झाला असेल, तर तो पोलिसांना देताना हा ॲपमधून काढलेला आहे हे स्पष्ट सांगा, आणि मूळ चित्रणाच्या जागी तो कधीही देऊ नका.

तुम्ही ‘मुलगा’ असा शब्द वापरला आहे. तो अठराच्या आतला निघाला, तर त्याची ओळख उघड करण्याला २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाचे कलम ७४ मनाई करते, आणि सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे स्कूटर तुमची जाईल आणि आरोपी म्हणून तुमचाच सेक्रेटरी उभा राहील.

न्यायालयाला आणखी काय हवे, हे आता नीट सांगतो, कारण लोकांचा राग इथेच आहे आणि तो पोकळ नाही. तारखा पडतात, वर्षे जातात, हे मी नाकारत नाही. तुंबलेल्या फायलींच्या गठ्ठ्यांशेजारी बसूनच मी निवृत्त झालो. पण चित्रण असलेली जी प्रकरणे कोसळताना मी पाहिली, त्यातली बरीच पहिल्या आठवड्यातल्या हलगर्जीपणाने कोसळली. चित्रण संगणकावरचे असते, त्याची नक्कल सहज होते आणि त्यात बदलही सहज करता येतो. म्हणून ही नक्कल कोणत्या यंत्रावरून, कोणी, कशी काढली आणि ते यंत्र तेव्हा नीट चालत होते का, याचे प्रमाणपत्र कायदा मागतो. पूर्वी हे पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब खाली होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली आहे.

यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा सर्वांत महत्त्वाचा निकाल आपल्या महाराष्ट्रातलाच आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्याहून अर्जुन खोतकर निवडून आले, तेव्हा त्यांचा उमेदवारी अर्ज दुपारी तीनची मुदत उलटल्यावर दाखल झाला अशी तक्रार घेऊन कैलास गोरंट्याल उच्च न्यायालयात गेले, आणि आधार होता निवडणूक कार्यालयातले चित्रण. सीडी मिळाल्या, पण वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी प्रमाणपत्र दिले नाही. १४ जुलै २०२० च्या निकालात तीन न्यायमूर्तींनी सांगितले की नक्कल द्यायची असेल तर प्रमाणपत्र अनिवार्य आहे, मूळ यंत्रच मालकाने न्यायालयात आणून सिद्ध केले तर ते लागत नाही, आणि ज्याने मिळवण्याचे सगळे प्रयत्न केले तरी समोरच्याने दिले नाही, त्याला त्यापायी नाडता येणार नाही. मला हा निकाल फार न्याय्य वाटतो. हा काटेकोरपणा फक्त गुन्हेगाराच्या सोयीचा आहे असेही समजू नका. वाराणसीतल्या एका हॉटेलात २०१० साली एका इटालियन पर्यटकाचा मृत्यू झाला आणि त्याच्या दोन सोबत्यांना खुनाची शिक्षा झाली. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडले, आणि हॉटेलचे सीसीटीव्ही चित्रण तपासात न्यायालयापुढे आणलेच नाही हे त्याचे एक प्रमुख कारण होते.

तुमच्यापुरते पाहायचे तर प्रमाणपत्राचे दोन भाग असतात. पहिल्यावर यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याची सही, म्हणजे बहुधा तुमच्या सेक्रेटरीची किंवा कॅमेरे सांभाळणाऱ्याची, दुसऱ्यावर तज्ज्ञाची. त्यात फाइलचा हॅश लिहितात. हॅश म्हणजे फाइलवरून काढलेली अक्षरे आणि आकड्यांची एक लांब ओळ. चित्रणातला एक ठिपका बदलला तरी ती ओळ पूर्ण बदलते. व्हॉट्सॲपवरून पाठवलेला व्हिडिओ वाटेत आकसतो, त्याचा हॅश मूळ फाइलशी जुळत नाही, म्हणून तपास अधिकाऱ्याला ‘साहेब, पाठवलाय बघा’ एवढ्यावर काम संपवू नका. डीव्हीआरची हार्ड डिस्क भरली की जुन्यावर नवे चित्रण चढते. आमच्याकडे अठराव्या दिवशी चढते, तुमच्याकडे किती दिवसांनी हे आजच विचारा आणि ती मुदत उलटण्याआधी डीव्हीआर जप्त करून घ्या किंवा मूळ स्वरूपातली नक्कल पंचनाम्यासह घ्या, असे लेखी पत्र पोलीस ठाण्यात देऊन त्याची पोच घ्या. प्रथम खबर अहवालाची (एफआयआरची) प्रत विनामूल्य मिळते; विम्यासाठी ती लागेलच.

मला सर्वांत जास्त ज्याची काळजी वाटते ते आता सांगतो. पंचनाम्याला दोन माणसे लागतात. ग्रुपवर ‘याला फाशी द्या’ लिहिणाऱ्यांतले दोघे खाली उतरून पंच म्हणून सही करायला तयार होत नाहीत, कारण पुढे कोर्टाच्या फेऱ्या. जे सही करतात ते तीन वर्षांनी समन्स आल्यावर ‘सही माझी आहे, पण मजकूर वाचला नव्हता’ असे सांगतात. फितूर झालेला पंच पाहिला की मला आरोपीपेक्षा त्याचा राग येत असे. तुमच्या सभेत फोटोवर मतदान घेण्याऐवजी पंच कोण होणार आणि प्रमाणपत्रावर सही कोण करणार, हे दोन प्रश्न ठेवा.

ग्रुपवर काही टाकायचेच असेल, तर स्कूटरचा दिवसाउजेडीचा फोटो, तिचा नंबर आणि चोरीची वेळ टाका, आणि आसपासच्या इमारतींना व दुकानदारांना आपापले त्या वेळचे चित्रण पुसले जाण्याआधी राखून ठेवण्याची विनंती करा. वेळ टाकण्यापूर्वी मात्र आज डीव्हीआरसमोर उभे राहा, पडद्यावरची वेळ आणि मोबाइलवरची वेळ एकाच चौकटीत दिसेल असा फोटो काढा, आणि किती मिनिटांचा फरक आहे ते तारखेसह रजिस्टरमध्ये लिहून खाली दोघांच्या सह्या घ्या. घड्याळ आत्ता दुरुस्त करू नका. तपास अधिकाऱ्याला तो फरक जसाच्या तसा दाखवा.