लांब पल्ल्याच्या ई-सायकलला कोणती मोटर? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सामान लादून रोज ८० किलोमीटर, असा आठवडाभराचा प्रवास करायचा आहे. वाटेत मोठे घाट आहेत. दुकानदार १००० वॉटची, आत गिअर नसलेली हब मोटर (चाकाच्या मधोमध बसणारी) घ्या म्हणतो. घ्यावी का?

घाट असतील तर नको. मोटरवर छापलेल्या वॉटला फार भुलू नका, चढावर काय होतं ते पाहा. सायकल, तुम्ही आणि सामान मिळून १०० किलो धरू. ८ टक्क्यांचा चढ ताशी १२ किलोमीटरने चढताना नुसतं वजन वर न्यायलाच सुमारे २६० वॉट लागतात. बिनगिअरची हब मोटर चाकाच्याच वेगाने फिरते. चाक रेंगाळलं की तीही रेंगाळते, आणि मग बॅटरीतल्या विजेचा मोठा भाग हबमध्येच उष्णता होऊन साचतो. पाच-दहा मिनिटांचा चढ ती सोसते. पाऊण तासाच्या घाटात हॉल सेन्सर (मोटर कुठवर फिरली ते ओळखणारा) किंवा वाइंडिंगचं, म्हणजे आतल्या तारेच्या वेटोळ्यांचं, इन्सुलेशन जाऊ शकतं. शिवाय बॅटरी संपल्यावर याच मोटरचे चुंबक चाकाला मागे ओढतात, हे दुकानात कुणी सांगत नाही.

तुमच्या वाटेला मिड-ड्राइव्ह बरी. ती क्रँकपाशी, म्हणजे पेडलच्या दांड्यांपाशी, बसते आणि सायकलचेच गिअर वापरते. मागचं मोठं चक्र लावलं की चाक हळू, पण मोटर तिच्या सोयीच्या वेगाने फिरत राहते. किट घेण्याआधी बॉटम ब्रॅकेटची, म्हणजे क्रँकचा दांडा ज्यातून जातो त्या फ्रेमच्या नळीची, रुंदी मोजा: ६८ किंवा ७३ मिलिमीटर, आट्यांचा असेल तर बहुतेक किट बसतात. प्रेस-फिट (आट्यांशिवाय दाबून बसवलेला) असेल तर आधी विक्रेत्याला विचारा. बसवल्यावर पहिल्या १०० किलोमीटरनंतर मोटर जखडणारा लॉकनट पुन्हा आवळा, तो हमखास सैल होतो.

या सोयीची किंमत चेन मोजते, कारण पायांचा आणि मोटरचा जोर एकाच चेनवरून जातो. गिअर चढ सुरू व्हायच्या आधी बदला. बदलताना मोटर क्षणभर थांबवणारा गिअर सेन्सर लावून घ्या. नसेल तर ब्रेक लिव्हर किंचित दाबला तरी मोटरची वीज तुटते. सर्वांत लहान चक्रावर जागेवरून सुटू नका, दात तिथेच झिजतात. ११-१२ गिअरच्या बारीक चेनपेक्षा ८ किंवा ९ गिअरची चेन निवडा आणि मापकावर ०.७५ टक्के झीज दिसताच बदला. चेन तोडायचं हत्यार आणि चेन पुन्हा जोडणाऱ्या दोन क्विक लिंक सोबत हव्यातच.

रस्ता बहुतांशी सपाट असता तर आम्ही आत गिअर असलेली छोटी हब मोटर सुचवली असती. ती हलकी असते, बंद असताना चाक मोकळं फिरतं आणि चेन तुटली तरी मोटरवर पुढचं गाव गाठता येतं.

प्रश्न : ४८ व्होल्ट, १४ अँपिअर-अवरची एक बॅटरी दिवसाला पुरेल का?

गुणाकार करा: ४८ × १४ म्हणजे ६७२ वॉट-अवर. मनापासून पेडल मारत ताशी २० ते २२ किलोमीटरने सपाटीवर गेलात तर किलोमीटरला ८ ते १० वॉट-अवर लागतात. पेडल न मारता नुसत्या थ्रॉटलवर (हँडलवरची वेगाची मूठ) ३५ने पळालात तर हाच आकडा २०च्या घरात जातो, कारण वेग वाढला की हवेचा विरोध त्याहून झपाट्याने वाढतो. ८० किलोमीटरला ९ प्रमाणे ७२० झाले. त्यात चढ मिळवा. १०० किलो वजन १००० मीटर वर न्यायला २७२ वॉट-अवर, मोटरमधला अपव्यय धरून साधारण ३५०. त्यातलं १०० तुमच्या पायांनी दिलं असं समजू. एकूण ९७० आणि वर २० टक्के राखीव, म्हणजे ११५० ते १२००. अशा दोन बॅटऱ्या हव्यात.

मात्र त्या एकामागून एक वापरा. एक भरलेली, एक रिकामी अशा दोन बॅटऱ्या समांतर जोडल्या तर भरलेलीतून रिकामीत प्रचंड करंट धावतो. बीएमएसची (बॅटरीला जपणारं सर्किट) सततची क्षमता कंट्रोलरपेक्षा (मोटरला वीज सोडणारा डबा) जास्त असावी, २५ अँपिअरच्या कंट्रोलरला किमान ३०. २ अँपिअरच्या चार्जरने एक बॅटरी भरायलाच सात तासांहून जास्त जातात, त्यामुळे रात्रीत दोन्ही भरायच्या तर दोन चार्जर न्या. आणि टॉर्क सेन्सर, म्हणजे पायांचा जोर मोजणारा सेन्सर, असलेली मोटर घ्या. साधा सेन्सर फक्त पेडल फिरतंय एवढंच पाहतो, मग पाय आळसावतात आणि बॅटरी लवकर संपते.

प्रश्न : उतारावर बॅटरी भरून निघते ना?

फार थोडी, आणि तीही फक्त बिनगिअरच्या हब मोटरने. बाकीच्यांत फ्रीव्हील किंवा क्लच असतो. खरा फायदा ब्रेक पॅड वाचण्याचा, कारण बॅटरी भरताना मोटरच चाकाला रोखते. पण बॅटरी पूर्ण भरून घाट उतरायला लागलात तर बीएमएस चार्जिंग तोडू शकतं आणि मोटरचा ब्रेक अचानक जातो.

प्रश्न : मागच्या हब मोटरचा अ‍ॅक्सल फिरला आणि वायर पिळवटून तुटली. का?

टॉर्क आर्म, म्हणजे अ‍ॅक्सलला फिरू न देणारी फ्रेमला जखडलेली पट्टी, नव्हता किंवा सैल होता. मोटर चाकाला पुढे ढकलते तेव्हा अ‍ॅक्सलला उलटा पीळ बसतो. त्याच्या चपट्या बाजू फ्रेमच्या खाचेत तोलून धरतात, पण अ‍ॅल्युमिनियमची खाच हळूहळू रुंदावते. नव्या अ‍ॅक्सलला स्टीलचा टॉर्क आर्म लावा, शक्यतो दोन्ही बाजूंनी. आधी चाक खाचेत पूर्ण आत बसवा, मग आर्म, वॉशर आणि नट. ५० किलोमीटरनंतर पुन्हा आवळा. वायर अ‍ॅक्सलमधून खालच्या दिशेने बाहेर काढून तिला छोटा झोल द्या, नाहीतर पावसाचं पाणी तिच्यावरून थेट मोटरमध्ये उतरतं. नटाला बसणारा पाना, बहुधा १८ किंवा १९ नंबरचा, पिशवीत ठेवा. त्याशिवाय मागचं चाक निघत नाही.